वंशावळ अपुरी राहू द्या, पण आजच लिहा

आपल्या चळवळीतल्या शिकलेल्या पोरापोरींमध्ये अलीकडे एक चांगली ओढ दिसते. त्यांना स्वतःच्या घराचा इतिहास लिहायचा आहे. मूळ गाव कोणतं, आडनाव कसं पडलं, पणजा कोणतं काम करायचा, गाव कधी आणि का सोडलं, १९५६ साली आपल्या घरातून नागपूरला कोण गेलं होतं, असे प्रश्न ते विचारू लागले आहेत. काहींनी वही घातली, काहींनी मोबाइलमध्ये फोल्डर केलं.

पण बहुतेकांची वही दुसऱ्या-तिसऱ्या पानावर थांबते. का थांबली म्हणून विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. अजून पुरावे मिळाले नाहीत. मोडी वाचता येत नाही. आजोबांची जन्मतारीख नक्की होत नाही. दोन चुलते दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, आधी खरं काय ते ठरू द्या. एकदा तहसीलमधून सगळे कागद काढतो आणि मगच नीट लिहितो.

हे 'नीट' काही येत नाही. त्याआधी आजी जाते.

हिशेब साधा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला जे मूल दहा वर्षांचं होतं, ते आज ऐंशीच्या घरात आहे. त्या दिवशी जी बाई पंचविशीची होती, ती आता क्वचितच कुणाच्या घरात बसलेली सापडेल. येवल्याची १९३५ची घोषणा किंवा काळाराम मंदिराचा १९३०चा सत्याग्रह स्वतः पाहिलेली माणसं तर जवळपास संपलीच. आता त्यांच्याकडून ऐकलेली माणसं उरली आहेत, आणि तीही थकली आहेत. सरकारी दप्तरातला कागद कदाचित पाच वर्षांनीही तिथेच असेल. आजी नसेल. तरीही आपण आधी कागदाच्या मागे धावतो आणि आजीला म्हणतो, "नंतर बोलू."

माझं म्हणणं असं की परिपूर्ण इतिहासाचा हा हट्ट आपला नाही. तो आपल्यावर दोन बाजूंनी लादला गेला आहे. एक बाजू सरकारी कचेरीची, दुसरी ब्राह्मणी कुलाभिमानाची. दोन्ही ओळखल्याशिवाय तो सुटणार नाही.

पुराव्याची धास्ती कुणी लावली?

आपल्या घरांत 'घराण्याचा इतिहास' हा विषय पहिल्यांदा निघतो तो बहुधा जात पडताळणीच्या वेळी. पोरगी बारावीला असते, प्रवेशाची तारीख जवळ आलेली असते आणि बाप आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधत गावोगाव हिंडत असतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख घरातल्या प्रत्येकाला पाठ असते. दावा सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने अर्जदारावरच टाकली आहे. एका कागदावर नाव 'दगडू', दुसऱ्यावर 'दगडूजी', एका ठिकाणी आडनाव, दुसऱ्या ठिकाणी आडनावाच्या जागी थेट जात, एवढ्या फरकावरून माणसाला खेटे घालावे लागतात. आपण जे आहोत तेच आहोत हे पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध करत बसायचं!

या धास्तीत वाढलेलं पोर पुढे घराचा इतिहास लिहायला बसतं तेव्हा पडताळणी समिती त्याच्या डोक्यातच बसलेली असते. नावात फरक आला की ते घाबरतं. तारीख जुळली नाही की लिहिणं थांबतं. आजीचं बोलणं त्याला पुरावा वाटतच नाही, कारण त्यावर शिक्का नाही.

पण ज्या कागदाला आपण एवढे घाबरतो तो तरी किती पक्का आहे? आपल्या वडीलधाऱ्यांच्या दाखल्यांवरची जन्मतारीख काढून बघा. किती जणांची १ जून आहे? सगळे काय १ जूनलाच जन्मले होते? शाळेत नाव घालताना तारीख सांगता आली नाही म्हणून गुरुजींनी अंदाजाने वर्ष धरलं आणि सोयीची १ जून लावली. म्हणजे ज्याला आपण ठोस पुरावा म्हणतो तो गुरुजींचा अंदाज आहे. गुरुजींचा अंदाज पुरावा ठरतो आणि "मोठ्या दुष्काळाच्या साली मी पोटुशी होते" असं सांगणाऱ्या आजीचा हिशेब मात्र गप्पा ठरतो. असं का?

गावच्या कोतवाल बुकाचंही तेच. जुन्या जन्मनोंदी पाहिल्या तर अनेक ठिकाणी बापाचं नाव, जात आणि पुढे फक्त 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच असतं. बाळाचं नाव नाही, आईचं नाव नाही. वतनाच्या कागदात आपला माणूस भेटतो तो गावकीचं काम आणि हाडकी-हाडवळ्याच्या जमिनीपुरता. तो काय बोलायचा, कशाने चिडायचा, पोराला शाळेत घालताना कुणाशी भांडला, हे त्या दप्तरात कुठून येणार? ते दप्तर सारा वसूल करण्यासाठी होतं, आपल्याला लक्षात ठेवण्यासाठी नव्हतं.

आणि जे काही कागद घरात होते त्यांचं काय झालं, हेही विसरू नका. २७ जुलै १९७८ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. जळणाऱ्या घरातून माणूस लेकरू घेऊन पळतो, ट्रंक घेऊन पळत नाही. दुष्काळात गाव सोडणाऱ्यांच्या, मुंबईत झोपडी तुटलेल्यांच्या, चाळीतल्या एका खोलीत दहा जणांनी संसार केलेल्यांच्या कागदांची गत याहून वेगळी नाही. ज्यांची घरं जाळली त्यांनाच विचारायचं की तुमचे कागद कुठे आहेत? आणि ते नाहीत म्हणून त्यांनी स्वतःच स्वतःचा इतिहास लिहायचा नाही?

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. जुन्या गावगाड्यात शिवेचं भांडण लागलं की कुणाची साक्ष महत्त्वाची मानायचे? महाराची. कोणता दगड कुठे होता, ओढ्याच्या कुठल्या काठापर्यंत कुणाचं गाव, हे महार तोंडी सांगायचा आणि त्याच्या शब्दावर गावची शीव ठरायची. आपल्या पणज्याचा तोंडी शब्द अख्ख्या गावच्या हद्दीला पुरत होता. तोच शब्द आज आपल्याला आपल्या स्वतःच्या घरासाठी पुरत नाही!

निष्कलंक वंशावळ कुणाचं स्वप्न आहे?

दुसरी बाजू जास्त अवघड आहे, कारण ती आपल्या मनात शिरली आहे.

घराण्याचा इतिहास म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो कुलवृत्तांत. चित्पावन घराण्यांनी असे जाडजूड ग्रंथ छापले आहेत. मूळ पुरुष, त्याचं गोत्र, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे, एकही फांदी न तोडता आजपर्यंत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेल्या आहेत. त्याच नाशिकमध्ये १९३० साली आपली माणसं काळारामाच्या दारात उभी होती आणि दार बंद होतं. ज्यांना दारातून आत घेतलं नाही त्यांनी आतल्या वहीसारखीच वही आपल्याही घरात हवी असा हट्ट का धरावा?

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या नियमाने आणि हा नियम चालतो बाईवरच्या नियंत्रणातून, हे त्यांनी तिथे मांडलं. आता कुलवृत्तांताकडे या नजरेने बघा. मूळ पुरुषापासून पुरुषाकडून पुरुषाकडे जाणारी सलग, शुद्ध, कुठेही न तुटलेली रेघ म्हणजे दुसरं काय आहे? जातीने आपलं काम चोख केल्याची ती पावती आहे. त्या पावतीची नक्कल आपल्या घरात नसेल तर त्यात लाज कसली?

आपणही ही नक्कल करायला जातो तेव्हा सर्वांत आधी बाया गळतात. पणज्याचं नाव शोधायला पोरगा तीन तालुके फिरतो, पणजीचं माहेर कुठलं हे मात्र त्याने आत्याला एकदाही विचारलेलं नसतं. वंशावळीत तिची जागा 'पत्नी' एवढीच.

बायांच्या मागोमाग गैरसोयीची माणसं गळतात. आपल्याला पूर्वज हवा असतो तो भीमा कोरेगावच्या लढाईत लढलेला, महाडच्या तळ्यावर पाणी प्यायलेला, बाबासाहेबांना हार घातलेला. असे पूर्वज असतील तर अभिमानाने लिहा. पण जो शेवटपर्यंत येसकरकी करत राहिला, ज्याने दीक्षा घ्यायला दहा वर्षं लावली, ज्याच्या घरात देव्हारा आणि बाबासाहेबांचा फोटो एकाच भिंतीवर होते, जिला देवीला सोडलं गेलं, जो दारूत गेला, जिने नवऱ्याला सोडून दुसरं घर केलं, तेही आपलेच आहेत. त्यांना वगळून लिहिलेला इतिहास स्वच्छ दिसेल, पण त्यातून हे कळणार नाही की माणसं जुन्यातून बाहेर कशी पडली. धर्मांतर एका दिवशी झालं. त्याचं घराघरांतलं जगणं घडायला वर्षं लागली. वडील म्हणाले "देव नदीत सोडू", आई म्हणाली "लेकराला गोवर आलाय, पुढच्या महिन्यात बघू". या एका संवादात समाजशास्त्राचा आख्खा धडा आहे. निष्कलंक पूर्वजाच्या नादात आपण तोच फाडून टाकतो.

तुटलेल्या दुव्यांपाशी बाबासाहेब थांबले का?

काही मित्र म्हणतात, आपण बाबासाहेबांचे अनुयायी, आपलं लेखन अभ्यासपूर्णच हवं. हवंच. मग बाबासाहेबांनी पुरावा अपुरा पडल्यावर काय केलं ते पाहू.

१९४८ साली 'द अनटचेबल्स' हे पुस्तक आलं. अस्पृश्यता कुठून आली याचा शोध त्यात आहे. त्याच्या प्रस्तावनेत बाबासाहेब ही अडचण सरळ मान्य करतात. अस्पृश्यतेच्या उगमाबद्दल थेट पुरावा मिळत नाही, साखळीतले दुवे हरवलेले आहेत. अशा वेळी इतिहासकाराने काय करावं? काम थांबवून ठेवण्यापेक्षा जे दुवे सापडत नाहीत तिथे कल्पकता आणि अंतर्ज्ञान वापरून गृहीतक मांडावं आणि पुढे जावं, हा मार्ग आपण घेतला असं ते सांगतात. ते गृहीतक आहे, अंतिम सत्य नाही, हेही लपवत नाहीत. ज्यांना पटत नाही त्यांनी तपासावं.

इतक्या मोठ्या विद्वानाने, इतका मोठा विषय हाती घेताना, दुवे तुटलेले असताना काम पुढे नेलं. आणि आपण आजोबांच्या जन्मसालापाशी अडून बसलो आहोत!

'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचं छोटंसं लेखनही आठवा. त्यात बाबासाहेबांनी वंशावळ मांडलेली नाही. कुटुंब मूळचं दापोली तालुक्यातलं आणि वाडवडिलांचं काम सोडून फौजेत गेलेलं, एवढी पार्श्वभूमी देऊन ते थेट लहानपणीच्या प्रवासावर येतात. मसूर स्टेशनवर उतरलेली मुलं, गाडीवान मिळत नाही, पाणी मिळत नाही. मोजके प्रसंग आणि संपलं. त्यांच्या हयातीत हे छापलंही गेलं नाही, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ते पुस्तिकेच्या रूपात काढलं. आत्मचरित्र पूर्ण होईपर्यंत हे कागदावर उतरवायचंच नाही असं त्यांनी ठरवलं असतं, तर त्या मुलांची तहान आज आपल्याला कळली असती का?

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ साली आलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायांना गाठून, त्यांच्याशी बोलून ते उभं राहिलं. सभांच्या इतिवृत्तांत या सगळ्या बायांची नावं सापडू देत, मग लिहू, असं त्या दोघी म्हणाल्या असत्या तर त्यातल्या कितीतरी बाया न बोलताच गेल्या असत्या.

कालाम सुत्ताचा आक्षेप

एक आक्षेप धम्माच्या बाजूने येतो आणि तो गंभीर आहे. तथागतांनी कालामांना सांगितलं की केवळ ऐकीव आहे म्हणून स्वीकारू नका, परंपरेने आलं म्हणून स्वीकारू नका. मग आजीच्या ऐकीव गोष्टी इतिहास म्हणून कशा लिहायच्या?

सुत्त पुढे वाचा. त्याच यादीत ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका हेही आहे. म्हणजे तथागतांनी कागदाला सूट दिलेली नाही. तोंडी असो की लेखी, दोन्ही तपासा, हा त्याचा अर्थ. तपासा म्हणजे टाकून द्या असंही नाही. खुद्द बुद्धवचन कित्येक शतकं भिक्खूंच्या मुखी राहिलं, नंतर श्रीलंकेत ते लिहिलं गेलं. सुत्तांची सुरुवातच 'मी असं ऐकलं आहे' या अर्थाच्या शब्दांनी होते. किती प्रामाणिक सुरुवात आहे! ऐकलेलं आहे, ऐकलेलं म्हणूनच सांगतो. आपल्या घराच्या वहीलाही हीच सुरुवात शोभेल.

मग वाटेल ते लिहायचं का?

नाही. परिपूर्णता सोडायची, प्रामाणिकपणा नाही. या दोन गोष्टींची गल्लत होते म्हणूनच लोक अडतात.

वस्तीतल्या मुलांसोबत काम करताना आम्ही एक साधी पद्धत वापरतो. प्रत्येक वाक्यापुढे एक खूण. स्वतः कागद पाहिला असेल तर 'क'. कुणाकडून ऐकलं असेल तर 'ऐ', आणि कुणाकडून, कधी ऐकलं तेही. आपण जुळवून काढलं असेल तर 'अं', म्हणजे अंदाज. एवढं केलं की विरोधकांनी चूक काढण्याची भीती राहत नाही, कारण जे नक्की नाही ते नक्की नाही असं आपणच लिहिलेलं असतं. उद्या कागद सापडला तर 'ऐ' खोडून 'क' करायचं. कागदाने उलटं सांगितलं तर दोन्ही ठेवायचं.

दोन्ही ठेवायचं, हे महत्त्वाचं. एका घरात मोठा भाऊ सांगत होता की आई-बाप दीक्षेला नागपूरला रेल्वेने गेले. धाकटा म्हणत होता की बैलगाडीने, वाटेत दोन मुक्काम करून. नातवाने लिहिणं थांबवलं होतं, आधी खरं ठरवायचं म्हणून. आम्ही म्हणालो, दोघांचं लिही. लिहिताना त्यांच्या म्हाताऱ्या मावशीला विचारलं तर ती म्हणाली, तिकिटाला पैसे कुठले, जोंधळे विकले होते. कशाने गेले हे तिलाही आठवत नव्हतं. पण लेकरांच्या तोंडचे जोंधळे विकून नागपूरला गेले ही गोष्ट त्या घरात पहिल्यांदा उच्चारली गेली. वाहन कोणतं यापेक्षा ती मोठी आहे, आणि वाद मिटायची वाट पाहिली असती तर मावशीला कुणी विचारलंच नसतं.

एक भेद मात्र पाळा. पडताळणीच्या फाइलीत अंदाज चालत नाही. तिथे कागदच द्यायचे, आणि घराची वही तिथे जोडायची नाही. घराची वही समितीसाठी लिहायची नाही, येणाऱ्या पोरांसाठी लिहायची. आणि म्हाताऱ्या माणसाला जे सांगायचं नसेल ते उकरून काढू नका. अपमानाच्या आठवणी त्यांच्या आहेत. त्यांनी "हे लिहू नको" म्हटलं तर लिहू नका.

या रविवारपासून

मोबाइलचा रेकॉर्डर चालू करण्याआधी परवानगी घ्या आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपासून सुरुवात करा. साल विचारू नका, साल त्यांनी कधी वापरलेलंच नाही. बहात्तरच्या दुष्काळात कुठे होता, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा लेकरं किती होती, गिरणीचा संप सुरू झाला तेव्हा कोण नोकरीत होतं, असं विचारा. १९६७, १९७२, १९८२ ही सालं तुम्ही मागून लावा.

पाणी कुठून आणायचा, कोण वाढायचं, किती वेळ थांबावं लागायचं. मेलेलं ढोर ओढणं कुणी पहिल्यांदा सोडलं आणि गावाने काय केलं. घरातले देव कुणी, कुठे सोडले. बाबासाहेबांचा पहिला फोटो घरात कुणी आणला. शाळेत पहिली मुलगी कोण गेली. तुमच्या आईचं नाव काय, तिच्या आईचं काय, माहेर कुठलं. एवढे प्रश्न पुरेत. शेवटचा मात्र चुकवू नका.

जे मिळेल ते त्याच रात्री लिहा, शुद्धलेखन नंतर बघा. त्यांची बोली तशीच ठेवा, ती प्रमाण मराठीत घासूनपुसून घेऊ नका. एक प्रत भावंडांना पाठवा. कुणी म्हणेल "असं नव्हतं, असं होतं". छान! तेही लिहा. अपुरी वही चारचौघांना बोलतं करते, मनातली परिपूर्ण वही कुणालाच बोलतं करत नाही.

मोडी शिकायची असेल तर जरूर शिका, पुण्याच्या पेशवे दफ्तरात जा, तहसीलमध्ये अर्ज करा. ते काम मोठं आहे आणि आपल्यातून ते करणारे तयार झालेच पाहिजेत. पण ते दुसरं काम आहे. कागद थांबतात. माणसं थांबत नाहीत.

आपला इतिहास लिहायचा नाही असं या व्यवस्थेने हजारो वर्षं ठरवलं होतं. आता लेखणी आपल्या हातात आहे. पूर्ण, शुद्ध, शिक्क्याचा इतिहास मिळेपर्यंत ती उचलायची नाही असं आपणच ठरवलं, तर त्यांचं काम आपण फुकटात करतो आहोत.

पहिलं पान अपुरं असू द्या. पण ते या रविवारी लिहिलेलं असू द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!